क्रेलच्या दारातली बाई

मंगळवारी दुपारी अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये ॲल्फ्रेड खिडकीची चौकट मापत होता, तेव्हा नबिलाचा फोन आला. त्याची बायको एडना ऑफिसात टेबलापाशीच कोसळली होती. तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

चर्चमध्ये तिच्या महिन्याची मिसा झाली आणि एडनाची साहेब नबिला घरी आली.

"अंकल, क्रेलचं काम अडलंय."

क्रेल हा अमेरिकन आर्किटेक्ट. ओहायोत सुताराच्या घरी जन्मला, शाळा नि लायब्ऱ्या बांधत म्हातारा झाला, शेवटी अबू धाबीत एक बँक बांधून परत गेला आणि वारला. इमारतीचं माप कळावं म्हणून चित्रात एक माणूस काढतात. क्रेल दारात बायकोला उभी करी. पण त्याच्या शेवटच्या सहा चित्रांत दार रिकामं होतं, जमिनीवर नुसतीच माणसाची सावली होती. क्रेलच्या प्रदर्शनासाठी ती चित्रं कॉम्प्युटरवर उतरवताना एडनाला वाटलं, माणूस काढायचा राहून गेलाय. ड्राफ्ट्समनची सवय, तिनं सहाही दारांत बाई भरली. फोटोवरून स्वतःलाच गिरवलं. उंची ठाऊक होती, पाच फूट एक.

"बघ रे, अमेरिकनाच्या बँकेत फुकट उभी आहे. वॉचमनपण हाकलत नाही," ती म्हणाली होती.

"खांदे वर कर. सिमेंटची गोणी उचलल्यासारखी दिसतेस," तो म्हणाला होता.

आता क्रेलचं पत्र सापडलं होतं. बायको गेल्यावर त्यानं ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती.

"दारातली बाई पुसायला दुसऱ्या कुणाला सांगू का?" नबिलानं हळूच विचारलं.

"नको. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी करतो."

वर्कशॉपची ड्रॉइंग्ज तोच करी, त्यामुळे काम अवघड नव्हतं. तो रोज एडनाच्या खुर्चीत बसून एक चित्र घेई. रेषा निवडायच्या, पुसायच्या. ती जाई, सावली राही. घरी दार उघडताना आधी जमिनीकडे बघायची त्याला सवय लागली.

पाच झाली. सहावं बँकेचं. ते उघडण्याआधी तो बँक बघायला गेला. चार वाजले होते, ऊन चित्रातल्यासारखंच तिरकं होतं. दारात कुणी नव्हतं. तरी तो बाजूला सरला आणि त्यानं वाट दिली.

प्रदर्शन गुरुवारी आहे. बँकेच्या दारातली एडना अजून पुसायची राहिली आहे.