बारकीच्या नावावर शेत होईना

माझ्या लेकीच्या नावावर शेत करायला मी नोंदणी कार्यालयात गेले आणि तिथल्या दस्त लिहिणाऱ्याने मला मरायला सांगितलं. शब्द त्याचे गोड होते, अर्थ तोच.

माझी धाकटी, बारकी, एकवीस वर्षं परदेशात नर्स आहे. लग्न केलं नाही, घर घेतलं नाही. तिकडे भाड्याची खोली, आणि इथे आली की महिनाभर बॅगेतून कपडे काढायचे, बॅगेतच ठेवायचे. एकदा म्हटलं, कपाटात लाव की. तर म्हणाली, "कुठल्या कपाटात, आई? तुझ्या की वहिनीच्या?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं. तेव्हाच ठरवलं, घर थोरल्याला आणि शेत बारकीला. दोन्ही माझ्याच नावावर आहे. कुणाच्या बापाला विचारायचं कारण नव्हतं.

थोरला कारखान्यात लेथवर काम करतो. अर्धा दिवस रजा टाकून तोच मला स्कूटरवरून घेऊन गेला, कागदांची पिशवीही त्यानेच धरली. दस्तवाल्याचं टेबल जिन्याखाली. त्याने टाइप करता करता विचारलं, "मुलगी राहते कुठे?"

"परदेशात. एकवीस वर्षं."

त्याने हात काढून घेतले. "मग नाही व्हायचं, आजी. बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला इथे घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, दुकानसुद्धा. शेतजमीन नाही. विकत नाही, बक्षीस म्हणूनही नाही."

"का? ती काय उचलून नेणार आहे? शेत मावतं का विमानात?"

"नियम आहे. पण वारशाने मिळतं की. तुमच्या पश्चात."

"म्हणजे मी जिवंत आहे हीच अडचण."

तो ओशाळला. "तसं नव्हे. मृत्युपत्र करून ठेवा. सोपं असतं."

सोपं! माझे वडील गेले तेव्हा भावाने मला बोलावून घेतलं, नवी साडी दिली, पोटभर जेवू घातलं आणि पुढ्यात कागद ठेवला. "इथे सही कर, उगाच आपलं रीत म्हणून." मी तिसरी शिकलेली. अंगठा न लावता सही करते, याच तोऱ्यात होते. झोकात सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. माझा सगळा हिस्सा एका जेवणात गेला.

म्हणून मी थोरल्याच्या तोंडावर बोलले. "मी डोळे मिटले की हा बहिणीचा पाहुणचार करील, कागद पुढे सरकवील, आणि ती वेडी सही करील. मला माझे हात चालतात तोवर द्यायचंय."

पिशवीचा बंद बांधायला थोरल्याला दोनदा गाठ मारावी लागली. मग स्कूटर थेट घरी.

घरी सूनबाई पुढच्या खोलीत मशीनवर. ब्लाउज शिवते, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलते कमी. तिचा हा एक गुण मला आवडतो. नवऱ्याचं तोंड पाहून तिने त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं, मग टाचण्या काढल्या.

"आई, तुम्ही यांना चोर म्हणालात?"

"चोर कुठे म्हटलं? भाऊ म्हटलं."

"बरं. घर चालतं ना पण ताईंना? तसं म्हणाला ना तो दस्तवाला?"

"चालतं. पण घर तुमचं ठरलंय."

"ठरवलं कुणी? तुम्हीच. मग वरचा मजला ताईंचा करा. खालचा आम्हाला. शेत राहू दे यांना."

"आणि तुझ्या कापडाच्या गठड्या? वर पाय ठेवायला जागा नाही."

"मजला गठड्यांच्या नावावर करायचाय का?"

या बाईचा वरच्या मजल्यावर डोळा आहे, असं मी गल्लीभर सांगत फिरले होते. वर आणखी दोन मशीन टाकायचं ती स्वतःच बोलली होती. आता कुठल्या तोंडाने काय म्हणणार? म्हटलं, "बघू."

थोरल्याने लगेच बहिणीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. बारकी ऐकूनच घाबरली. "मला काही नको रे, दादा. तुमची गैरसोय कशाला?"

"गप बस. घे म्हणतो ना. आईला वाटतं, मी तुला लुटणार. तू घेतलंस की मी सुटलो."

"आई असं बोलली?"

"दस्तवाल्यासमोर."

मग बारकी म्हणाली, "दादा, तसं माझं दप्तर तूच विकलं होतंस हां, पतंगासाठी." थोरला हसला, सूनबाई हसली. मी नाही हसले. उठले आणि थोरल्याला विचारलं, "चहा टाकू का तुला?" आमच्या घरात याहून मोठी माफी आजवर कुणी मागितलेली नाही. तो म्हणाला, "टाक. साखर जरा जास्त."

वरचा मजला बारकीला बक्षीस द्यायचं ठरलं, पण तिला रजा मिळेना. बक्षीस घेणाऱ्याचीही सही लागते, आणि देणारीही मी, घेणारीही मीच, असं चालत नाही म्हणे. मग तिने तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र केलं, तिच्या वतीने सही करायचा अधिकार देणारं. जाड पाकीट आलं. थोरल्याने फोडलं आणि बायकोकडे सरकवलं. नाव वहिनीचं होतं.

मी फोनवर विचारलं, "भावाचं का नाही? रागावलीस?"

"अगं नाही. दादा दमून येतो, तारीख विसरेल. वहिनी मापात चुकत नाही."

नोंदणीच्या दिवशी तिथल्या बाईने मशीन पुढे केलं आणि अंगठा ठेवा म्हणाली. मी ताडकन म्हटलं, "मी सही करते." ती म्हणाली, "आजी, इथे डॉक्टरांचाही अंगठा घेतात." मग ठेवला. पण सहीही केली, दोन ओळींची जागा घेऊन. माझ्या शेजारी बसून सूनबाईने बारकीच्या वतीने मजला घेतला. माझ्या डोळ्यांना धार लागली. पंख्याने धूळ उडत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

घरी आल्या आल्या सूनबाईने पदर खोचला आणि गठड्या खाली आणायला लागली. एक, दोन, सात. पुढची खोली भरली, स्वयंपाकघराची भिंत भरली. उरलेल्या तीन घेऊन माझ्या खाटेपाशी आली.

"आई, पाय वर घ्या."

"इथे? माझ्या खाली?"

"मग कुठे ठेवू? वर आता ताईंना विचारल्याशिवाय नाही ठेवता येत."

जन्मात मी कुणाचं ऐकलं नाही. मी पाय वर घेतले.