देवीचा कौल आणि भिंगारचं कार्ड

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. लोक ह्याला गुण म्हणतात. मी रोग म्हणते, आणि देवीसमोर म्हणायला भीत नाही.

हे म्हणजे शामकांत, अकोले गावाजवळच्या आमच्या डोंगरावरच्या देवीचे पुजारी. कौल लावायचा म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लढाई सुरू झाली आणि पलटणीत गेलेल्या पोरांच्या आयांची 'पोर सुखरूप आहे ना?' अशी कार्डं येऊ लागली, सोबत उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं. हे त्यावर एकच शब्द लिहीत, 'उजवा' नाहीतर 'डावा'. बस्स! मी म्हणे, "अहो, त्या माउलीचं काय होईल? दोन शब्द धीराचे लिहावेत!"

"इंदू, निरोप देवीचा. आपण नुसते पोस्टमन."

शेवटी भांडभांडून लेखणी मीच हातात घेतली. कौल मात्र पडेल तोच लिहायचा, ही ह्यांची अट.

चव्वेचाळीसच्या मार्चात भिंगारच्या छबूबाईचं कार्ड आलं. मुलगा भीमा ब्रह्मदेशात, आठ महिने पत्र नाही. कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'देवीचं उत्तर येईस्तोवर अन्न सोडलंय.'

फूल डावं पडलं.

मी लिहिलं, 'उजवा. जेवून घ्या.' आणि हे अंघोळीला गेले तेवढ्यात कार्ड टपालवाल्याच्या हाती दिलं.

पंधरा दिवसांनी छबूबाई स्वतःच दारात! अकोल्यापर्यंत मोटारीनं, पुढं पायी.

"कार्ड आलं तवा दोन घास खाल्लं, वैनी. पन कागदावर मन भरंना. काका, माज्यासमोर कौल लावा. ह्या डोळ्यानं बगते अन् जाते."

"कार्डात काय आलं होतं?" ह्यांनी विचारलं.

"उजवा की!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. झालं, आता माझी धडगत नाही! पण माझं मेलं काय व्हायचं ते होवो, ह्या बाईनं पुन्हा अन्न सोडलं तर?

हे गाभाऱ्यात गेले. डावं फूल पाण्यात बुडवून घट्ट दाबून बसवलं. उजवं उचललं आणि उपरण्याच्या टोकानं कोरडं पुसलं. वीस वर्षांच्या संसारात ह्यांना फूल पुसताना मी पाहिलं नव्हतं. ते खांद्याला टेकवलं, हात काढला, आणि पडलं.

अगं बाई! ह्या माणसावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला मला.

छबूबाई रडली, हसली, देवीला लोटांगण घातलं. मग माझ्या चुलीपाशी बसून पिठलं-भाकरी मागून मागून जेवली आणि उन्हं उतरायच्या आत निघाली.

ती वळणाआड गेल्यावर बोलणी खायची तयारी करून मी देवळात आले. ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. देवीसमोर हात जोडून गयावया चालली होती.

"आम्हा दोघांचं खोटं तुझ्या पायाशी ठेवलंय, आई. आता ते तू खरं कर."

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि हात जोडले.