केसांतली माती

आमच्या चर्चच्या मंडळीत सप्टेंबरचा शेवटचा रविवार मोशेचा असतो. मोशे म्हणजे माझा नवरा. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. किल्लारीच्या भूकंपात घर अंगावर पडलं, आईबाप गेले, दोन वर्षांचा मोशे तेवढा जिवंत निघाला आणि नांदेडच्या हॉस्टेलात वाढला, ही त्याची साक्ष. त्या रविवारी तो सगळ्यांपुढं उभा राहून ती सांगतो. ‘हॉस्टेलच्या बाईंना माझ्या केसांतली माती धुवायला दोन दिवस लागले,’ या वाक्याला बायकांचे पदर डोळ्यांना जातात. लग्नाआधी मी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही गेला होता.

मंडळी वाढली ती याच साक्षीवर. आधी बाकं रिकामी असायची. मग क्लासेस वाढले, पोरांसाठी खोल्या घेऊन राहणाऱ्या आया गावोगावहून लातुरात आल्या, आणि निकालाच्या काळजीनं झोप उडालेल्या त्या बायका कुणाकुणाच्या सांगण्यावरून आमच्याकडंही येऊ लागल्या. आमची मुलांची शब्बाथ शाळा चालवणारी चतुराबाई त्यांना सांगते, “ज्यानं ढिगाऱ्यातून काढलं, त्याला नीटमधून काढायला काय जड हाय गं?” परीक्षेआधी पोरं मोशेपुढं वाकतात, तो डोक्यावर हात ठेवतो. क्लासचे मालक आमच्या पाळकसाहेबांचे मेहुणे. चौकातल्या बोर्डावर मोशेचा फोटो आहे, खाली लिहिलंय, ‘ढिगाऱ्यातून डायसवर!’

त्या वर्षी साक्षीच्या रविवाराआधी, मंगळवारी दुपारी, दारात एक वाळलेली बाई येऊन उभी राहिली.

“जयभीम बाई,” म्हणाली, आणि भिंतीवरचा क्रूस बघून अवघडली. “मोशे सर हितंच राहतात न्हाई का? मी मुदखेडची. पारूबाई.”

कुणा विद्यार्थ्याची आई असेल म्हणून आत घेतलं, पाणी दिलं. तांब्या तिनं तसाच हातात धरला. माझी शारोन जमिनीवर बसून चित्र रंगवत होती, तिच्याकडं बघत राहिली.

“नातीचं नाव काय ठिवलं?”

“कुणाच्या नातीचं?”

“शेजारची पोरगी तुमच्या क्लासला हाय. तिनं मोबाईलमधी दावलं. सर सांगून राहिले व्हते, केसात माती व्हती म्हणून.” तिनं तांब्या खाली ठेवला. “बाई, ती माती म्याच घातली व्हती.”

तिचा नवरा मेला होता, पदरात तीन लेकरं. भूकंपानंतर नांदेडला टेम्पो भरभरून अनाथ पोरं येत होती. त्यांना दूध, बिस्किटं, नवे कपडे, वर शाळा. तिच्या घरात तवा तापत नव्हता. सगळ्यांत धाकट्याला तिनं रेल्वेनं नांदेडला नेलं. स्टेशनाबाहेर मूठभर माती त्याच्या केसांत चोळली आणि पोरं उतरवून घेणाऱ्या माणसांपुढं त्याला उभं केलं. म्हणाली, किल्लारीकडचं हाय, वाटेत सापडलं, कुणी न्हाई त्याला.

“रडलं का?” मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

“न्हाई. बिस्कुट दिलं ना त्यांनी. आनंदराज नाव व्हतं त्याचं.”

मी तिला मोशे यायच्या आत घालवू शकले असते. पण तो त्या दिवशी लवकर आला. ती सांगत होती आणि तो तिच्या पायांकडं बघत होता. त्याच्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा आहे. तिचाही होता.

तिला स्टँडवर सोडून तो आला तो हसतच. लग्नानंतर मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“दीना, मेली नाही गं ती!”

“हळू बोला. शेजारी ऐकतील.”

“ऐकू दे ना. रविवारी सगळ्यांनाच सांगणार आहे.”

मी दार लोटून घेतलं. म्हटलं, “अहो, वेड लागलंय का? क्लास कुणाचा आहे? बोर्डावर काय लिहिलंय? शारोनची शाळा पाळकसाहेबांच्याच शब्दावर आहे ना?”

“मी वर्षानुवर्षं तीच साक्ष सांगतोय. शब्द इकडचा तिकडं नाही. माणूस विश्वासात वाढला तर त्याची साक्ष वाढायला नको का? माझी वाढली नाही. मला वाटायचं माझ्यातच काही खोट आहे. आता कळलं, ती माझी नव्हतीच.”

“तुमचं वाढणं तुमच्यापाशी ठेवा. मला पोरगी वाढवायचीय.”

तो शारोनला उचलून तिच्या पायाचा अंगठा बघत बसला.

शनिवारी आम्ही पाळकसाहेबांकडं गेलो. सलाम झाला, चहा झाला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाटलं होतं चिडतील. ते चिडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“मोशे, बाळा, ही साक्ष आता तुझी एकट्याची राहिली नाही. किती घरं तिच्यावर उभी आहेत. आणि काय घडलं याला सत्य म्हणत नाहीत. देवानं काय केलं, याला म्हणतात.”

“पण देवानं जे केलंच नाही, ते त्याच्या नावावर कसं घालू, साहेब?”

“मग नको घालू. उद्या गप्प राहा. आजारी पड.” साहेब हसले. “आणि बोलायचंच असेल, तर त्या बाईला घेऊन ये. तिच्या तोंडून ऐकू.”

मोशेला तो न्याय वाटला. त्यानं लगेच मुदखेडला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला.

रविवारी ती उपासनेच्या आधीच पोचली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. मोशे आत खुर्च्या मांडत होता. मी तिला हातपंपाकडं नेलं.

“तुम्ही त्याला दिलंत ते त्याचं बरं व्हावं म्हणूनच ना?”

“हाव.”

“झालं ना बरं? मग आता परत कशाला घेता?”

“घेऊन न्हाई राहिले बाई. बघायला आले फकस्त.”

“तिथं तुम्हाला विचारतील. तुम्ही हो म्हणालात, की क्लास गेला, घर गेलं, या पोरीची शाळा गेली. खोट्या साक्षीचा माणूस म्हणून लातुरात कुणी दारात उभं करणार नाही त्याला. तुमच्या त्या मुठीतल्या मातीनं त्याला मोठं केलं. आता तुमच्याच तोंडानं त्याला मातीत घाला.”

तिनं पंपाच्या दांड्याला धरलं. विचारलं, “अन् न्हाई म्हनलं तर?”

“तर काहीच होणार नाही,” मी म्हटलं.

मोशे उभा राहिला तेव्हा आत मुंगी शिरायला जागा नव्हती. त्यानं सुरुवात नेहमीसारखीच केली, आणि बायकांनी पदर हातात घेऊन ठेवले. मग तो म्हणाला, “मला ढिगाऱ्यातून कुणी काढलेलं नाही. एका उपाशी बाईनं मला सोडलं, म्हणून मी जगलो. आजवर मी न घडलेल्या गोष्टीसाठी देवाचे आभार मानत आलो. आज पहिल्यांदाच घडलेल्या गोष्टीसाठी मानतो. ती माझी आई आहे. मागं बसलीय.”

सगळी डोकी मागं वळली.

इस्लापूरहून आलेली एक बाई ताडकन उठली. “सर, मंग माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवला ते काय फुकट? दुसऱ्या खेपेला बसली हाय ती!”

“मायनं ह्याच्या डोक्यात माती घातली म्हणं,” चतुराबाई मोठ्यानं म्हणाली, “आता हा आमच्या घालून राहिला.”

लोक हसले. देवळात इतकं मोकळं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. कुणीतरी मागून विचारलं, “काय म्हातारे, पोरगं सर झाल्यावर बरी आठवण आली?”

पाळकसाहेबांनी हात वर केला. सगळे गप्प झाले.

“बाई, उभ्या राहा. घाबरू नका. देवाच्या घरात आहात, खरं तेच सांगा. हा तुमचा मुलगा आहे?”

ती उठली. मोशे तिच्याकडं बघून हसत होता. शाळेत उत्तर येत असलं की शारोन हसते, अगदी तसं. पारूबाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मांडीवरच्या शारोनची वेणी सारखी करत होते.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “माझी चूक झाली. माझं पोरगं काळं व्हतं.”

“हालेलुया!” पाळकसाहेब म्हणाले, आणि सगळी मंडळी त्यांच्यामागून गरजली. वडीलमंडळी पुढं झाली, मोशेला गुडघ्यांवर बसवलं. कितीतरी हात त्याच्या डोक्यावर पडले. इस्लापूरच्या त्या बाईचाही. खोटं बोलायला लावणारा आत्मा त्याच्यातून जावा म्हणून प्रार्थना सुरू झाली. “ती माझी आई आहे,” तो खालून म्हणत होता. तो म्हणायचा, आणि प्रार्थना आणखी चढायची. चतुराबाईनं ढोलकी घेतली. शेवटी त्याचे नुसते ओठ हललेले दिसत होते.

मग तो त्या हातांतून कसाबसा निसटला आणि अनवाणी बाहेर धावला. मी शारोनला घेऊन मागं गेले. पारूबाई फाटकाबाहेर ऑटोत बसत होती. त्यानं तिचं मनगट धरलं.

“आई, तू असं का म्हणालीस?”

खिडक्यांतून लोक बघत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“हात सोडा, साहेब,” ती म्हणाली. “लोक बघून राहिले.”

त्यानं सोडला. ऑटो गेला. तो तिथंच उभा राहिला, मग वळून माझ्यापुढं आला.

“तू तिला काय सांगितलंस?”

“मी कुठं काय सांगितलं?”

शारोन म्हणाली, “आई, तू त्या आजीशी पंपाजवळ बोललीस की.”

मी तिच्या थोबाडीत दिली. आजवर कधी बोटही लावलं नव्हतं. पोरगी रडली नाही, माझ्याकडं टकामका बघत राहिली. मोशेनं तिला माझ्या कडेवरून घेतलं आणि चालायला लागला.

नोकरी गेली नाही. बोर्ड आहे तिथंच आहे. मंडळीत सांगतात की सरांवर मोठी परीक्षा आली होती, देवानं सोडवलं. नवीन येणाऱ्या आयांना चतुराबाई आता ती साक्षही सांगते. तिच्या साक्षीत मुदखेडच्या बाईच्या अंगात काहीतरी शिरलेलं असतं.

मोशे देवळात येत नाही. रविवारी सकाळी नांदेडची गाडी पकडतो, तिथून पुढं मुदखेड. पारूबाई दार उघडत नाही. आतून कडी घालून बसते, असं क्लासला येणाऱ्या तिच्या शेजारच्या मुलीनं मला सांगितलं. तो ओट्यावर बसतो, दुपारची गाडी धरून परत येतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

मागच्या रविवारी त्यानं शारोनला सोबत नेलं. मी नको म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी तिचे पाय धुताना मी विचारलं, “आजीनं दार उघडलं का?”

“नाही,” शारोन म्हणाली. “मी खूप वाजवलं. आतून म्हणाली, हितं कुणी राहत न्हाई.”

मी तिचे पाय पुसले. म्हटलं, बरोबरच आहे.