लाडिपोंच्या चेहऱ्याचं कापड

निळं सुती कापड. त्यावर वीतभर उंचीचा एका पुरुषाचा चेहरा, ओळीनं, शेकडो वेळा. टोपी डावीकडे कललेली.

धुलाईच्या साबणाचा वास पन्नास वर्षांत भिंतींतून गेलेला नाही. भात करपला की दोन्ही वास एकत्र येतात.

नियम सातवा: उशिरा येणाऱ्यानं अध्यक्षांचं भाषण उभं राहून ऐकावं.

एका पत्रातली ओळ: 'आमचा क्लब बंद झाला आहे, कळावे.'

नकाशा. सगळा रस्ता करडा, एकच इमारत लाल शाईनं वेढलेली.

'आंटी, बसू नका, चुरगळेल.'
'चुरगळू दे. त्यासाठीच शिवलंय.'

हे सगळं एकाच गोष्टीचं आहे, फक्त फाटलेलं. शिवून सांगते.

मी मोरायो, मँचेस्टरच्या एग्बे इरेपोची चिटणीस. एग्बे म्हणजे मंडळ, इरेपो म्हणजे एकोपा. हे नाव ठेवणारे सात जण त्याच बैठकीत नावावरून भांडले होते. ते १९६८ साल. कुठल्याही दारूच्या दुकानात शिरलं की आम्हा काळ्या लोकांना सांगायचे, आज खासगी समारंभ आहे. रोज खासगी समारंभ असायचा. मग आपणही एक खासगी समारंभ करू, असं या सात जणांनी ठरवलं. मिसेस हार्ग्रीव्ह नावाच्या बाईंचा धुलाईचा कारखाना नुकताच बंद पडला होता. त्यांनी जागा दिली आणि करारात एक अट घातली: ही मंडळी दर वर्षी इथं वार्षिक सभेला जमतील तोवर जागा त्यांची. एक वर्ष चुकलं की करार संपला.

आम्ही चुकलो नाही. माझं बारसं इथं झालं, वडिलांची शोकसभा इथं झाली. दर सप्टेंबरात निवडणूक, ऑक्टोबरात वार्षिक सभा, आणि सभेला सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे. कापड लागोसहून छापून येतं, त्यावर नव्या अध्यक्षाचा चेहरा. बोटीनं यायला चार महिने लागत, म्हणून ते निवडणुकीच्या आधीच मागवायचे. त्यात अडचण कधी आली नाही. कोण निवडून येणार हे सगळ्यांना ठाऊकच असायचं.

१९८४ साली ठाऊक नव्हतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी लाडिपो उभे होते. बसचे ड्रायव्हर, आवाज मोठा, विरोधक शून्य. 'आणखी कोणी?' असं नुसतं रीत म्हणून विचारलं, तर हॉस्पिटलातल्या नर्स एबुन यांनी हात वर केला. चार मतांनी जिंकल्या. आणि पुढच्या आठवड्यात लाडिपोंच्या चेहऱ्याचे गठ्ठे येऊन पडले.

'परत पाठवा,' लाडिपो म्हणाले.

'का हो? चेहरा तर बरा आलाय,' एबुन म्हणाल्या.

'बाईच्या हाताखालचा क्लब म्हणजे क्लब नव्हे.'

'मग तुम्ही बसच चालवा, भाऊ. तिथं तुमच्या हाताखाली निदान चाकं तरी आहेत.'

लाडिपो वीस जणांना घेऊन बाहेर पडले. सभेचं रजिस्टर काखेत मारून नेलं. फोटो काढणाराही त्यांच्याच गटातला, तोही गेला. वर लाडिपोंनी मिसेस हार्ग्रीव्हना ते पत्र टाकलं.

एबुन यांनी शिंपिणीला बोलावून सांगितलं, 'सगळ्या बायकांचं असं काप, की चेहरा बरोबर मागे आला पाहिजे. मधोमध.'

त्यानंतर पस्तीस वर्षांनी ब्रॅकन नावाच्या कंपनीनं हार्ग्रीव्हच्या वारसांकडून आमचा रस्ता विकत घेतला. त्यांना तिथं फ्लॅट बांधायचे होते. जुन्या कागदांत त्यांना लाडिपोंचं पत्र सापडलं. त्यांची नोटीस आली: १९८४ साली क्लब बंद होता, करार तेव्हाच संपला, जागा रिकामी करा. सोबत लाल शाईचा नकाशा.

आमच्याकडे प्रत्येक वर्षाचं रजिस्टर आहे, त्या एका वर्षाचं सोडून. कापड होतं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, 'कापडानं एवढंच कळतं की तुम्ही कपडे शिवले. सभासदांची साक्ष तुमच्या फायद्याची म्हणून तिला वजन नाही. क्लबशी संबंध नसलेला माणूस हवा.'

असा एकच माणूस होता. मी त्यांच्या घरी गेले. शहाऐंशी वर्षांचे लाडिपो टीव्हीवर फुटबॉल बघत होते.

'एबुननं पाठवलं?'

'नाही, बाबा. त्या म्हणाल्या, त्याच्या दारात जाण्यापेक्षा फुटपाथवर सभा घेईन.'

'घेईल ती.' ते जरा हसले. मग म्हणाले, 'मला काय विचारतेस? मी तिथं नव्हतोच.' आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

लवादापुढच्या सुनावणीच्या दिवशी आम्ही बायका तेच कापड घालून गेलो. जुन्यांनी जुनं, नव्यांनी आईचं. चेहरा मागेच. ब्रॅकनच्या वकिलानं पत्र वाचून दाखवलं. तेवढ्यात दार उघडलं आणि काठी टेकत लाडिपो आत आले. मीच लिहिलंय ते, मला बोलायचंय, म्हणाले. पुढचं मी त्याच वेळी उतरवून घेतलं.

वकील: हे पत्र तुमचं?
लाडिपो: अक्षर माझं, राग माझा. तारीख वाचा.
वकील: वीस सप्टेंबर.
लाडिपो: सभा सहा ऑक्टोबरला झाली. शनिवारी.
वकील: तुम्ही तर क्लब सोडला होता. तुम्हाला कसं ठाऊक?
लाडिपो: समोरच्या बस थांब्यावर उभा होतो. क्लबच्या खिडक्या तिथून दिसतात.
वकील: किती वेळ?
लाडिपो: तीन तास. सात बस सोडल्या. एका बसचा ड्रायव्हर माझा दोस्त, म्हणाला, चढतोस की थांब्यालाच नोकरी लागलीय?
वकील: तिथून काय दिसलं?
लाडिपो: माझा चेहरा. त्रेचाळीस वेळा.
वकील: त्रेचाळीस काय?
लाडिपो: ढुंगणं, साहेब. पाठमोरी नाचत होती म्हणून मोजता आली.

लवादाच्या अध्यक्षबाई पाणी प्यायल्या. मागच्या रांगेतून एबुन आंटींचा आवाज आला, 'चव्वेचाळीस. मी बसले होते.'

लाडिपोंनी मागे वळून पाहिलं नाही. 'ते मला दिसणार कसं?' ते म्हणाले. 'पण लिहून घ्या. चव्वेचाळीस.'

जागा आमच्याकडे राहिली. ब्रॅकनचा नकाशा आम्ही चौकट करून दारातच लावलाय. लाल रंग छान उठून दिसतो.

त्या ऑक्टोबरात लाडिपो सभेला आले. निळ्या कापडाचा सदरा, स्वतःचा चेहरा छातीवर. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. एबुन आंटी त्या वर्षी पुन्हा अध्यक्ष होत्या; त्यांनी ती पायानं मागे ढकलली.

'नियम सातवा.'

'मी वेळेवर आलोय, एबुन. घड्याळ बघ.'

'पस्तीस वर्षं उशीर झालाय. उभे राहा.'

'भाषण किती वेळाचं आहे?'

'ठरवलं नव्हतं. आता मोठं करते.'

पन्नास मिनिटं झाली. ते काठीवर भार देऊन उभे राहिले, एकदाही भिंतीला टेकले नाहीत. भाषण संपल्यावर सगळ्यांत आधी टाळी त्यांनी वाजवली, आणि त्यासाठी काठी खाली पडू दिली.

१९८४ च्या त्या शनिवारीही क्लबच्या दाराला कडी लावलेली नव्हती; त्यांना नुसता रस्ता ओलांडायचा होता.