एकोणीसशेचं कडं

आकडा तिसऱ्यांदा बदलला तेव्हा मायक्रॉनकाकांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. कडं तेच, मोजायचं मशीन तेच, कुणी कशाला धक्का लावला नव्हता. पहिल्यांदा व्यास आला १८९९.९७ मिलिमीटर. मोजायचे बिंदू बोटभर सरकवल्यावर १८९९.९९. आणखी सरकवल्यावर १८९९.९४. ड्रॉइंगमध्ये होता एकोणीसशे. त्याहून कमी चालणार होता, तोही पाच शतांशांपर्यंतच. जास्त अजिबात नको. हे कडं एका मोठ्या क्रेनच्या बैठकीत बसायचं होतं आणि केसभर जरी मोठं असलं तरी ते आत शिरणार नव्हतं.

"दोन आकडे पास, एक नापास," दारात उभा असलेला मेहुणा म्हणाला. "बहुमत आपलं आहे, भाऊजी."

हा काकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कडं मोठ्या लेथवर त्यानेच कातलं होतं. गेल्या दोन महिन्यांत त्याची दोन कामं उशिरा गेली होती आणि मॅनेजरसाहेबांनी त्याला सगळ्यांसमोर बजावलं होतं की तिसरं काम उशिरा गेलं तर लेथ सोडायचा आणि गोदामात खोकी उचलायची. ट्रक एक वाजता निघणार होता. आता दहा वाजले होते.

"मतं मोजत नाहीये मी," काका म्हणाले.

घोडं अडलं होतं ते टेबलावर. मशीन घेतलं तेव्हा इतकी मोठी कडी इथे होतील असं कुणाला वाटलं नव्हतं. कड्याचा मागचा बराच भाग टेबलाबाहेर लोंबत होता, खाली टेकू देऊन. मशीनची सळई खाली येऊन टोकाची लाल गोळी कड्याला टेकवायची, पण ती पोचत होती फक्त पुढच्या भागापर्यंत, जेमतेम तिसऱ्या हिश्शापर्यंत. बाकीचं वर्तुळ संगणक हिशेबाने पुरं करत होता. फुटलेल्या थाळीचा एक तुकडा हातात घेऊन अख्खी थाळी केवढी होती ते सांगावं, तसं. तुकड्यात केसाच्या चौथ्या हिश्शाएवढा उंचवटा असला तरी व्यासात अख्ख्या केसाचा फरक पडतो.

"कडं फिरवून मोजावं लागेल," काका म्हणाले. "चार वेळा. पाव पाव फेरा."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "किती वेळ?"

"चार तास धर."

"भाऊजी, ट्रक एक वाजता आहे."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे!" मेहुणा आत आला आणि दार लावून घेतलं. त्याचा आवाज खाली आला, पण धार तीच होती. "ताईच्या वेळीही तुम्हाला सगळं माहीत होतं. पहिल्या डॉक्टरने ऑपरेशन करा म्हटलं. तुम्ही दुसऱ्याकडे गेलात, मग तिसऱ्याकडे. पाच आठवडे गेले त्यात. पाच आठवडे, भाऊजी."

काकांची बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत मेहुण्याने हे तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. फक्त घरी येणं बंद केलं होतं. तिसऱ्या दवाखान्याच्या बाकावर ती हसत म्हणाली होती, "तुमचं मोजून झालं की सांगा हो मला." तेव्हा तेही हसले होते.

त्यांनी फोन उचलला आणि कारखान्याची क्रेन चालवणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाई आल्या, कड्याकडे पाहिलं, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "कुणी गेलंय का?" असं विचारून त्यांनी जीभ चावली. मग पट्टे अडकवायला लागल्या.

काकांनी कड्याच्या वरच्या अंगावर पोलादी गोळ्या चिकटवल्या, सगळ्या फेऱ्यात थोड्या थोड्या अंतरावर. कडं फिरवलं की त्यांतल्या काही गोळ्या पुन्हा सळईच्या टप्प्यात येणार होत्या. त्यांच्यावरून मशीनला कळणार होतं की नवा तुकडा आधीच्या तुकड्याला कुठे जोडायचा. एक गोळी जरी हलली तरी सगळं पाण्यात.

पहिला पाव फेरा. कडं उचललं, फिरवलं, टेकवलं. "आता कुणी हात लावायचा नाही," काका म्हणाले. "अर्धा तास थांबायचं. हाताच्या उबेनेही लोखंड फुगतं."

"मग श्वासही बाहेर जाऊनच घेतो," मेहुणा म्हणाला. पण गेला नाही. भिंतीला टेकून घड्याळ बघत राहिला.

साडेबाराला साहेब आले. दुसरा फेरा उरकून तिसरा चालू होता.

"काका, सकाळी पास आलं होतं म्हणे?"

"दोनदा पास, एकदा नापास."

"मग पास लिहा ना! इथे काय परीक्षा आहे का, प्रत्येक पेपरात पास व्हायला?"

"आत्ता सही केली तर मी अंदाजावर सही करतोय, साहेब. तिकडे बसलं नाही तर क्रेनसकट सगळे थांबतील."

साहेबांनी मेहुण्याकडे बोट केलं. "तुमच्या माणसाला आपण काय सांगितलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे. उशीर माझ्यामुळे होतोय, त्याच्यामुळे नाही. लिहून देतो."

"तुमच्या कागदावर ट्रक चालत नाही," साहेब म्हणाले आणि दार आपटून गेले.

एक वाजला. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मागे घेतल्याचा आला, मग दूर जात बंद झाला. तिघांपैकी कुणीच खिडकीशी गेलं नाही.

शेवटचा पाव फेरा. चौथा तुकडा फिरून पहिल्याशी येऊन मिळायला हवा होता. मिळाला नाही तर कुठेतरी गोळी हलली असणार आणि चारही तास फुकट. लाल गोळी टेकत गेली, टक, टक, टक. संगणकाने जोड लावला. पडद्यावर जोडातला फरक आला: तीन मायक्रॉन, म्हणजे केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी.

"जुळलं," काका पुटपुटले. त्याखाली व्यास होता. १९००.०३.

मेहुणा पडद्याजवळ आला आणि आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिला. सकाळच्या तीनपैकी एकही आकडा याच्या आसपास नव्हता. "म्हणजे बसलंच नसतं."

"नाही."

"आणि सही तुमची असती."

"सहीचं काय. काम तुझं होतं."

मेहुणा खाली बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाहेरची बाजू मोठी होती, म्हणजे अजून कातता येणार होती. पण पाच शतांश काढायचे म्हणजे टूल कापण्याऐवजी नुसतं घासत जातं आणि जरा दाबलं की खोल शिरतं. जास्त गेलं की कडं भंगारात. एवढं हलकं टूल चालवणारा हात अख्ख्या कारखान्यात एकाचाच होता.

साहेब पुन्हा आले. काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. साहेबांनी बराच वेळ पाहिलं, मानेवरून हात फिरवला. "उद्या सकाळी आठला दुसरा ट्रक मागवतो. त्याच्या आत झालं पाहिजे. आणि," ते मेहुण्याकडे बघून थांबले, "तूच कर. बाकी कुणाला हात लावू देऊ नकोस."

ते गेल्यावर बाईंनी पट्टे अडकवायला घेतले.

"किती काढू?" मेहुण्याने विचारलं.

"व्यासात पाच शतांश. लेथवर चढवल्यावर दोन तास थंड होऊ दे, मग घे."

"दोन तास?"

"दोन."

मेहुण्याने खिशातून खडू काढला आणि कड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ०.०५. लिहून झाल्यावर तो तसाच पाठमोरा उभा राहिला. "भाऊजी, ताई तिसऱ्या डॉक्टरकडे स्वतःहून आली होती का? की तुम्हीच..."

"मीच नेली," काका म्हणाले. "ती म्हणत होती, पुरे आता."

बाईंनी क्रेनची साखळी ताणली. कडं टेबलावरून बोटभर उचललं गेलं. मेहुण्याने खडू खिशात टाकला आणि एका बाजूने कड्याला हात लावला, झोका जाऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूने काकांनी लावला. दोघे त्याला धरून दाराकडे चालू लागले.

"जपून," मेहुणा म्हणाला. "तुमच्या बाजूला पायरी आहे."