गाडी गप्प झाली

"ऐक आता," हे म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

मी शेडच्या दारात उभी होते. गळ्यात मोजपट्टी, हातात अर्धवट उसवलेली बाही. इंजिन सुरू झालं आणि त्याच्याबरोबर ती खडखडही सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणीतरी तो हलवत बसावं, तशी. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली आणि इकडे बघायला लागली. आमचे हे मात्र डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून, आवडतं गाणं लागल्यासारखे ऐकत होते.

"कशी गप्प झालीय बघ," ते म्हणाले. "आधी किती कटकट करायची. वय झालं तशी शहाणी झाली. सगळ्यांचंच तसं होत नाही म्हणा."

हा टोमणा मला होता. तो मी सोडून दिला.

"वाजतंय," मी म्हणाले.

"अं?"

"वाजतंय. मधोमध, आतून. कितीदा सांगू?"

"तुझे कान वाजतायत," ते म्हणाले आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसले. मोठ्यानं हसतात, मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठ्यानं लावतात, आणि वर म्हणतात की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दारावरची बेल ऐकू येईना तेव्हा बेल बिघडली म्हणाले. नवी आणली. तीही बिघडलेलीच निघाली म्हणे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण रविवारी आम्हाला याच गाडीवरून निघायचं होतं. लेक डोंगरापलीकडे राहते. दर वर्षी आम्ही घाट चढून तिच्याकडे जातो. हे पुढे, मी मागे, दोन्ही बाजूंच्या पेट्यांत आमचे कपडे आणि मी तिच्यासाठी शिवलेलं काहीबाही.

गाडी लांबच्या प्रवासाचीच आहे. चार सिलिंडरची मोटारसायकल, पुढे वारा अडवणारी काच, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. यांनी ती जुनीच घेतली होती आणि आता तर तिच्या किलोमीटरच्या आकड्यानं सगळे नऊ ओलांडून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली आहे. दुसऱ्या कुणाकडे असती तर भंगारात गेली असती. ती चालते ती यांच्या हातांमुळे, हे मी रागातही कबूल करीन. ऑइल हे बोटांवर चोळून बघतात. ब्रेकचे पॅड झिजायच्या आधी बदलतात. चार कार्बोरेटर एका सुरात आणायचे म्हणजे लोक मीटर जोडतात. हे लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानामागच्या हाडावर धरायचे आणि सांगायचे, तिसरा मागे पडतोय. आणि तिसराच मागे पडत असायचा.

नोकरी छापखान्यात. सगळा जन्म मोठ्या मशीनवर गेला. तिथेच यांनी एक नियम बांधला आणि तो गाडीलाही लावला: यंत्र बोललं तरच उघडायचं. गप्प यंत्राला पाना लावला की आपणच त्याचं दुखणं वाढवतो. नियम खोटा नव्हता. फक्त ऐकणारा शाबूत आहे, हे त्यात गृहीत धरलं होतं.

त्या दुपारी मी शिवणाची मशीन झाकली आणि गॅरेज गाठलं.

गॅरेजवाले भाऊजी यांचे तरुणपणापासूनचे मित्र. एका गाडीखाली आडवे होते. माझे पाय ओळखून बाहेर आले.

"वहिनी? चहा सांगू?"

"चहा नको. परवा तुम्ही घरी आला होतात. यांनी गाडी सुरू करून दाखवली. तुम्हाला काय ऐकू आलं?"

त्यांनी फडकं उचललं आणि पुसलेलेच हात पुन्हा पुसायला लागले.

"आता तुम्हाला काय सांगू..."

"त्यांना जे सांगितलं नाहीत ते सांगा."

"टायमिंग चेन आहे," ते म्हणाले. "इंजिनाच्या आतली साखळी. सैल झालीय."

"सैल झाली की काय होतं?"

"चालते की. बरेच दिवस चालते."

"आणि नाही चालली तर?"

"दात चुकते. आतले व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. इंजिन जागच्या जागी जाम."

"चालत्या गाडीत?"

"उभ्या गाडीत कशाला होईल, वहिनी."

"मग मागचं चाक?"

"तेही अडकतं," ते फडक्याला म्हणाले.

हा माणूस आमच्या घरी दोन कप चहा पिऊन, ती खडखड ऐकून, "मस्त बसलीय" असं म्हणून गेला होता. आम्ही रविवारी घाटात जाणार हे त्याला माहीत होतं.

"तुम्ही तोंडात गुळणी धरून बसलात," मी म्हणाले.

"कसं बोलू? अहो, हे गॅरेज त्याच्या कानावर उभं राहिलंय. मला दोष सापडला नाही की मी त्याला बोलवायचो. गिऱ्हाईकासमोर तो नुसता ऐकायचा आणि बोट ठेवायचा. त्या माणसाला मी म्हणू, तुला ऐकू येत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वहिनी."

"त्या मुठीत माझा जीव आहे, भाऊजी. त्यांचाही आहे. दरीत पडलो की मयताला तेवढे या. तिथेही म्हणा, मस्त पडलेत."

त्यांची मान खाली गेली. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं गॅरेजच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकलं नाही. रस्ताभर मी त्यांना शिव्या दिल्या, मग यांना दिल्या, मग त्या छापखान्याला. तिथे मशीनच्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी हातवारे करावे लागायचे. नवीन असताना यांनी कानात घालायला काहीतरी मागितलं होतं, तर मुकादम म्हणाला होता, कापूस घाल, नाहीतर घरी जाऊन भांडी घास. सगळे हसले होते. हेही हसले होते आणि घरी येऊन मलाही तो किस्सा हसत हसत सांगितला होता. निरोपाच्या दिवशी मालकानं शाल दिली, भाषण केलं, आणि यांना त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही.

घरी आले तर हे पेट्या पुसत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. पाठीमागून बोलून उपयोग नसतो, हे मी केव्हाच शिकले आहे.

"टायमिंग चेन सैल झालीय. उघडा ती."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतेय."

"तू कपडे शीव," ते म्हणाले. "मी तुझ्या मशीनला हात लावतो का?"

"माझी मशीन वाजली की मला ऐकू येते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत नाही. बेल चांगली आहे. जुनीही चांगली होती. लोकही नीट बोलतात. तुम्हाला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी घरात कधीच उच्चारलं नव्हतं. लेकीनंही नाही. आणि पहिल्यांदा उच्चारलं ते ओरडून, कारण हळू बोलून ते पोचलंच नसतं. समोरची बाई खिडकीतून बाजूला झाली.

यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, हातातलं फडकं फेकतील. त्यांनी त्याची नीट घडी घातली.

"मला गाडी ऐकू येते," ते म्हणाले. "बाकी कुणाचं ऐकायची मला गरज नाही."

"मग एकटे जा. मी मागे बसणार नाही."

इतक्या वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. तापात बसले होते, धुक्यात बसले होते, पाठ मोडल्यावर पट्टा बांधून बसले होते. यांना वाटलं, मी रात्रीतून विरघळेन. पालथ्या घड्यावर पाणी कसं वाहून जातं, ते मी यांच्याकडूनच शिकले होते. मी विरघळले नाही.

रविवारी सकाळी हे तयार झाले. जाकीट घातलं, बूट घातले, एकच पेटी भरली. मी फाटकाला कडी घालून तिथेच उभी राहिले.

"बाजूला हो."

"आधी उघडा."

"यंत्र बोललं तरच उघडायचं. तुला माहितेय."

"बोलतंय. ओरडतंय. गल्लीतल्या पोराटोरांना ऐकू येतंय. तुमचा मित्र ऐकून गेला आणि तुमच्या तोंडावर मस्त म्हणाला. विचारा त्याला."

हे त्यांना लागलं. माझं बोलणं नव्हे, मित्राचं. ते फाटकाशी थांबले, माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग एकदम गाडी मागे ढकलत शेडमध्ये नेली.

"उघडतो. तुझ्यासमोर उघडतो," ते आतून ओरडले. "आणि आत काही निघालं नाही, तर पुन्हा या शेडमध्ये पाय ठेवायचा नाहीस."

"आणि निघालं तर?"

आतून पाने काढल्याचा आवाज आला. जाकिटासकट ते खाली बसले. एवढ्या रागातसुद्धा हात बघा, एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. प्रत्येक काढलेला तुकडा ओळीनं फडक्यावर. सिलिंडरच्या मागे अंगठ्याएवढा एक भाग असतो, टेन्शनर. साखळीला आतून ताण देत राहायचं, एवढंच त्याचं काम. साखळी झिजून लांबली की त्याचा दांडा एकेक दात पुढे सरकतो, आणि सरकलेला पुन्हा मागे येत नाही. शेवटच्या दाताला पोचला की त्याच्याकडे द्यायला ताण उरत नाही. हे सगळं मला यांनीच कधीतरी हौसेनं समजावलं होतं.

त्यांनी तो भाग बाहेर काढला, उजेडात धरला. दांडा पार बाहेर आला होता. शेवटचा दातही घासून गुळगुळीत झाला होता.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग भोकातून बोट आत घालून साखळी चाचपली.

मी जिंकले होते. त्या जिंकण्यानं माझा राग कमी व्हायला हवा होता, पण तो आणखीच चढला. त्या मुकादमाला धरून आणावं आणि हा तुकडा त्याच्या हातावर ठेवावा, असं वाटलं. पण तो कधीच मेला होता.

"कधीपासून?" यांनी विचारलं. मान वर केली नाही.

मी समोर जाऊन बसले, म्हणजे माझे ओठ दिसतील. "काय कधीपासून?"

"वाजत होतं."

"मागच्या खेपेच्या आधीपासून."

"म्हणजे मागच्या वेळी, घाटात..."

"हो."

"आणि तू मागे बसलीस."

"बसले. सांगितलं होतं तेव्हाही. फाट्यावर चहाला थांबलो तिथे. तुम्हाला ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणालात, हो, हवा छान आहे."

त्यांच्या तोंडातून काहीतरी निघालं, ते हसू होतं की काय, मला कळलं नाही. मग ते उठले, जाकीट काढून खिळ्याला अडकवलं आणि लेकीला फोन लावायला सांगितला. मीच बोलले. गाडी उघडलीय, उशिरा येऊ. ती म्हणाली, बाबांना म्हणावं बसनं या. ते मी यांना सांगितलं नाही.

नवी साखळी आणि नवा टेन्शनर घेऊन गॅरेजवाले भाऊजी स्वतः आले. दोघं मित्र इंजिनावर वाकून काम करत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. पाना हवा असला की हे हात पुढे करायचे, भाऊजी तो हातात द्यायचे. एकदाच भाऊजी म्हणाले, "अरे, मी सांगणारच होतो," आणि हे त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ऐकू आलं नाही." खरंच ऐकू आलं नव्हतं की मुद्दाम म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही. यांना परत विचारायची भाऊजींची हिंमत झाली नाही.

साखळी बसली. व्हॉल्वची फट यांनी स्वतः मोजली. पातळ पट्टी आत सरकवून, ती किती घट्ट सरकते ते बोटांनी बघायचं असतं. तिथे त्यांना कुणाची गरज नव्हती. झाकण बसलं, टाकी चढली, बाजूची प्लास्टिकची कवचं तेवढी बाकी ठेवली.

"बोलव तिला," यांनी भाऊजींना सांगितल्याचं मी शिवणाच्या मशीनवर बसून ऐकलं. कुणी बोलवायच्या आत मी उठले, पण मुद्दाम सावकाश गेले. त्या दोघांवरचा माझा राग अजून गेलेला नव्हता आणि तो गेला आहे असं दाखवायची मला घाई नव्हती.

यांनी बटण दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. खडखड नव्हती. खालचा जाड आवाज तेवढा होता, एकसारखा. तो बहुधा त्यांनाही ऐकू येत असावा. इंजिन गरम होईपर्यंत आम्ही तिघं थांबलो. मग त्यांनी थ्रॉटल थोडा दिला, सोडला.

भाऊजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

गाडीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटले नव्हते, मानही कलती केली नव्हती. ते सरळ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"परत द्या," मी म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांवरून ते वाचलं आणि थ्रॉटल पुन्हा दिला. मी ऐकलं. सोडताना ऐकलं. उगाच मान डोलवायची नाही, असं मी ठरवलं होतं, म्हणून आणखी एकदा द्यायला लावला. इंजिन चालू होतं, आणि एक हात थ्रॉटलवर ठेवून हे माझी मान हलायची वाट बघत उभे होते.