बंडूला ओढ्यापार नेताना

मोरेश्वरांना मागे वळून पाहायची खोड होती. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहायचे आणि फाटकापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत यायचे. प्रवासात सामान फलाटावर मोजायचे, डब्यात मोजायचे, रिक्षात बसल्यावर पुन्हा मोजायचे. नागपूरच्या पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ही खोड गुण म्हणून खपून गेली. ती काढायचं काम शेवटी मिनेसोटातल्या एका लामाच्या वाट्याला आलं.

तिथल्या ईडन प्रेरी गावापासून तासाभराच्या अंतरावर त्यांच्या मुलीचं, नेत्राचं, छोटंसं फार्म होतं. कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिने चार तरुण लामा पाळले होते. लामा म्हणजे उंटाचा लोकरवाला धाकटा चुलतभाऊ. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरवाटांवर तो माणसांचे तंबू आणि शिधा पाठीवर वाहून नेतो. पण आईच्या पोटातून कुणी हमाली शिकून येत नाही. पाठीवर खोगीर सोसायला, दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन चालायला, आडवं पडलेलं झाड ओलांडायला त्याला शिकवावं लागतं. पाण्यात उतरायला शिकवणं सगळ्यात कठीण, कारण पाय ओले करणं या मंडळींना मुळीच पसंत नसतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात मोरेश्वर आणि शोभनाबाई तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. रिकामं बसणं मोरेश्वरांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून नेत्राने चौघांतला सगळ्यात लहान लामा त्यांच्या हवाली केला. तिने त्याचं नाव बिस्किट ठेवलं होतं. मोरेश्वरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा बंडू केला.

"बाबा, दोर सैल ठेवायचा आणि समोर बघून चालायचं," नेत्राने बजावलं. "तुम्ही वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलंत की त्याला वाटतं, पुढे काहीतरी डेंजर आहे. मग तो जागीच स्टॉप होतो."

सांगणं सोपं होतं. मोरेश्वर दहा पावलं चालायचे आणि अकराव्याला मान आपसूक मागे जायची. बंडू थांबायचा, कान मागे टाकायचा आणि नाकातून 'हुं' असा काळजीचा सूर काढायचा. मोरेश्वर दोर ओढायचे. मग बंडू चार पाय दुमडून खालीच बसायचा. पाच आठवडे हा कार्यक्रम चालला. इतर तिघे ओढा ओलांडायला शिकले, बंडू काठापर्यंतच जायचा. शोभनाबाई व्हरांड्यातून पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांचा स्वभावच तसा होता.

त्या स्वभावावर मोरेश्वरांचा एक जुना राग होता. दहा वर्षांपूर्वी नेत्रा अमेरिकेला निघाली, तेव्हा मुंबईच्या विमानतळावर ते हात हलवत उभे राहिले आणि पोरगी दोनदा रांग सोडून त्यांच्याकडे परत आली. तिसऱ्यांदा ती रांगेत गेली, तेव्हा शोभनाबाईंनी सरळ पाठ फिरवली आणि चालू लागल्या. एकदाही वळल्या नाहीत. "दगड आहेस तू," असं मोरेश्वर टॅक्सीत म्हणाले होते, आणि पुढेही दर दिवाळीला निघायचाच तो विषय.

जूनच्या अखेरीस वायोमिंगहून कॅरल नावाची बाई आली. ती लोकांना डोंगरात आठ-आठ दिवस चालायला नेई. तिला पाण्यातूनही चालणारे, शिकवलेले चार लामा विकत हवे होते, चार नाहीतर एकही नाही. सौदा फिसकटला तर नेत्राला फार्म बंद करून पुन्हा ऑफिसच्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार होतं, हे घरात तिघांनाही माहीत होतं.

नेत्राने तीन लामा एकेक करून झकास ओढ्यापार नेले. कॅरलने मान डोलावली आणि मग मोरेश्वरांकडे बोट केलं. माझी गिऱ्हाइकं साठीची, शहरातली असतात, ती म्हणाली. चौथा या गृहस्थांनी नेऊन दाखवावा.

नेत्राचा चेहरा उतरला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "प्लीज, मागे बघू नका."

मोरेश्वर निघाले. पाठीमागे पिशव्यांच्या पट्ट्यांची करकर ऐकू येत होती, म्हणजे स्वारी येत होती. ओढ्याच्या पलीकडे शोभनाबाई चहाचा थर्मास घेऊन दगडावर बसल्या होत्या. मोरेश्वर पाण्यात उतरले, आणि हातातला दोर ताठ झाला. करकर थांबली. मागून 'हुं' आलं.

मान वळणारच होती. मागे काय चाललंय ते निदान बायकोच्या चेहऱ्यावरून तरी कळावं म्हणून त्यांनी समोर पाहिलं. शोभनाबाईंचा चेहरा कोरा होता. भीती नाही, आशा नाही, काहीच नाही. तसाच चेहरा, जो दहा वर्षांपूर्वी टॅक्सीत होता.

आणि घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या मोरेश्वरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी रांग सोडून येत होती ती आपल्यामुळे. गेली ती हिच्यामुळे. आपण दोघंही तिथेच हात हलवत राहिलो असतो, तर ना हे फार्म असतं, ना हा ओढा. त्यांनी दोर सैल सोडला आणि शोभनाबाईंकडे पाहत पुढचं पाऊल टाकलं. मग आणखी एक. मागे छप्पकन आवाज झाला, पाठोपाठ दुसरा, आणि बंडूचं गरम नाक त्यांच्या मानेला लागलं.

पलीकडे पोचल्यावरच ते वळले. बंडू ओल्या पायांकडे नाराजीने पाहत होता. अलीकडच्या काठावर कॅरल नेत्राचा हात हातात घेऊन हलवत होती आणि नेत्रा दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. मोरेश्वरांचा जीव भांड्यात पडला. ते बायकोशेजारी टेकले.

"शोभना, त्या दिवशी तू वळली नाहीस म्हणून ती गेली. फार मोठे उपकार केलेस. आणि मी तुला दगड म्हणालो."

शोभनाबाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं. "वळायची गरज काय होती? समोर पुस्तकांच्या दुकानाची मोठी काच होती. नेत्रा आत जाईपर्यंत त्या काचेत तिला बघत होते मी."

मोरेश्वर तिच्याकडे वळले. "मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" त्यांनी चहा ओतून कप त्यांच्या हातात दिला. "तुम्हीही दिसत होतात काचेत. ती आत गेल्यावरही हात हलवत होतात. म्हणून तर मी दारापाशी थांबले तुमच्यासाठी."